लोणीबहाद्दरांनी चूल राखिली त्याची हकीकत

आधी विस्तव, मग लोणी, आणि मग या दोहोंच्या मधोमध हात पसरोन उभे राहिलेले श्रीमंत लोणीबहाद्दर, ऐसा या मजकुराचा क्रम वाचणारांनी मनी धरावा. मोठमोठ्या राजांनी किल्ले घेतले आणि घालविले, त्यांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले, आणि त्यांस इनामेही मिळाली. परंतु दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर इतुकाच ज्यांचा मुलूख, त्यांनी एका तव्याचे रण कैसे मारिले, हे कोणी लिहावे? सबब हे काम आम्हीच अंगावर घेतले. जे घडले ते लिहिले आहे. पदरचे मीठ फारसे घातले नाही. लोणी मात्र जागोजाग येईल, त्यास इलाज नाही.

लोणीबहाद्दर मूळचे शिंपी. आपल्या हातच्या कॉलरीस सुरकुती दाखवावी आणि शिलाई फुकट न्यावी, ऐसी त्यांची उमेदीच्या काळातली जाहीर दवंडी होती, आणि ती सुरकुती कोणास दाखविता आली नाही. पुढे दुकान भाच्याच्या हवाली करोन, एक पायमशीन, एक इस्त्रीचे टेबल आणि गळ्यातील मापाची टेप इतुका सरंजाम घेवोन ते घरी आले. टेप मात्र गळ्यातून उतरली नाही. अंघोळीस जाता खुंटीस लावीत, आणि अंग पुसले न पुसले तोच पुन्हा गळ्यात घालीत. राणीसाहेब हयात होत्या तोवर स्वयंपाकघर हा परमुलूख होता. साखरेचा डबा कोणता आणि मिठाचा कोणता, हेही त्यांस ठावे नव्हते. मग राणीसाहेब गेल्या, आणि घर खावयास उठले, आणि आधी दूध करपले, मग अंडी करपली, मग साधे पाणी तापवावयास ठेविले तेही आटोन भांडे करपले. आणि मग एके सकाळी आपल्या हातचा चहा आपणच पिता पिता त्यांस वाटले की आज कोणाच्या तोंडाकडे न बघता दिवस सुरू जाहला. त्या सकाळपासोन ते स्वयंपाकघर त्यांचे राज्य जाहले.

आता लोण्याचे प्रकरण. समोरच्या दाराच्या वहिनींची अंगठी बोटात रुतोन बसली, बोट सुजले, साबण जाहला, दोरा जाहला, वहिनींचे यजमान करवत शोधू लागले, तेव्हा श्रीमंतांनी चिमूटभर लोणी बोटास चोळिले आणि अंगठी ऐसी निसटली की कपाटाखाली जावोन पडली. तेव्हा वहिनींनी भर जिन्यात त्यांस लोणीबहाद्दर हा किताब दिला, आणि तो किताब श्रीमंतांच्या डोक्यात गेला. मग मशीनचा खण अडे, त्यास लोणी. कात्रीचा स्क्रू कुरकुरे, त्यास लोणी. दूध उतू जाऊ नये म्हणोन पातेल्याच्या काठास आतून लोणी फिरवावे, तेही खरे ठरले. वहिनींच्या धाकटीच्या केसांत च्युइंगम गुंतले, ते लोण्याने सोडविले आणि पोरीचे केस वाचले. चिकट खजूर कापावयाचे तर सुरीस लोणी. एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन अडकली, तीसही लोणी लाविले, आणि चेन सुटली आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही सुटले, परंतु श्रीमंतांनी त्यात लोण्याचा दोष मानिला नाही. अखेर गॅसचे बटण फिरविता जड जाई, तेव्हा मेकॅनिक बोलावणे सोडोन त्यासही भरघोस लोणी चोपडिले, आणि बटण लोण्यासारखेच मऊ फिरू लागले. या शेवटल्या करामतीची याद वाचणारांनी ठेवावी, पुढे ती महागात पडणार आहे.

श्रीमंतांस एकच अपत्य, कन्यासाहेब. त्या शहराच्या दुसऱ्या टोकास एका उंच इमारतीत नोकरीस. तेथील साहेबांनी त्यांस आपल्या मजल्याच्या आगप्रमुख नेमिले होते. मानाचे वस्त्र म्हणोन नारिंगी जाकीट, आणि एक शिटी. ती शिटी वाजली की मोठमोठे पगारदार हातातला चहा तसाच टाकोन जिन्याने खाली उतरत, आणि कोणी लिफ्टकडे वळला तर कन्यासाहेब त्याची ऐसी हजेरी घेत की तो पुढे आठवडाभर दुसऱ्या वाटेने जाई. बाहेर इतुका दरारा, आणि घरी आई गेलेली, बाप एकटा विस्तवापाशी, मग त्या बापास सोडतील कैशा? दर रविवारी फोनवरून फर्माने सुटत. तेलतूप पेटले तर पाणी ओतू नये, भडका वर उसळतो. आधी गॅस बंद करावा, वर झाकण सरकवावे, आणि गार होईतो ते झाकण उचलू नये. पेटले भांडे हाती धरोन पळू नये. कढत तुपाकडे पाठ फिरवोन दुसऱ्या कामास जावू नये. भाजले तर वाहत्या नळाखाली धरावे, पुष्कळ वेळ धरावे, आणि त्यावर लोणी तर मुळीच चोळू नये, आतली धग आतच राहते. श्रीमंत फोन मशीनवर ठेवीत, पायडल चालवीत आणि मधोन मधोन हं म्हणत. लोण्याच्या कलमापाशी मात्र पायडल थांबे. लेकीने आपणांस चार शब्द सुनवावे, ते चालेल, परंतु लोण्यास नावे ठेवावी हे त्यांच्या जिव्हारी लागे.

फर्मानांसोबत सामानही आले. छतास लावावयाचा अलार्म आला, तो कन्यासाहेबांनी स्वहस्ते बसविला. परंतु सकाळी पाव भाजावयास घेतला की तो ठणाणा करी. मग श्रीमंतांनी स्टुलावर चढोन त्यास लोण्याच्या वेष्टणाचा कागद गुंडाळिला, वर रबर लाविले, आणि तो बिचारा तोंड बांधोन छतास लटकला. लेक येण्याच्या दिवशी कागद काढावयाचा, गेली की पुन्हा चढवावयाचा, ऐसा शिरस्ता पडिला. मग फायर ब्लँकेट नामे वस्त्र आले, आगीवर टाकावयाचे. दुसरा कोणी असता तर ते भिंतीस टांगिता. परंतु शिंप्याच्या हाती कापड आले. श्रीमंतांनी ते उजेडात धरिले, चिमटीत चुरडिले, वीण पाहिली, आणि इतुके उत्तम कापड आग लागण्याची वाट बघत खिळ्यास लोंबकळावे हे त्यांच्याने बघवेना. आगीस न जळणारे कापड इस्त्रीसही जळणार नाही, ऐसा सरळ हिशेब करोन त्यांनी त्याची इस्त्रीच्या टेबलास खोळ शिविली, चारी कोपरे दुहेरी टीप घालोन ताणोन बसविले, आणि वर हात फिरवोन आपणच आपली पाठ थोपटिली. तव्याचे झाकणही असेच शिवणखोलीत फितूर जाहले होते. गोल गळा आखावयास त्याचा घेर नेमका बसे, सबब ते कापडांच्या ढिगाऱ्याखाली कोठेसे मुक्कामास होते.

मागील खेपेस कन्यासाहेब आल्या तेव्हा गॅसपाशी टांगलेल्या फडक्याचा कोपरा काळा पडिलेला त्यांनी पाहिला. तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट. खुर्चीत बसोन शांतपणे हुकूम सांगितला की पुढल्या रविवारी येईन, स्वयंपाकघर बघेन, आणि एक जरी गोष्ट धोक्याची दिसली तरी गॅस काढोन नेववीन आणि तुम्हांस आमच्या घरी नेईन. श्रीमंत त्या घरी राहोन आले होते. जावई गुणी, घर प्रशस्त, सोफा ऐसा की बसले तर उठता येवू नये. परंतु तेथे चहाच्या कपापाशी हात गेला की कोणी तरी धावोन येई आणि बाबा तुम्ही बसा म्हणे. बसा, बसा, म्हणता म्हणता संध्याकाळ होई. आणि मशीनला तेथे जागा नव्हती, ते जिन्याखाली चादर पांघरोन राहिले असते. श्रीमंतांस रागही आला आणि भयही वाटले, आणि दोहोंतले जास्ती काय हे त्यांस सांगता आले नसते. एकदा बसलो की पुन्हा उठणार नाही, हे मात्र त्यांस पक्के ठावे होते. सबब रविवारची लढाई ही चुलीसाठीच होती.

रविवार उजाडला. श्रीमंतांनी ओटा घासिला, काळे फडके केराच्या टोपलीत तळाशी दडविले आणि नवे टांगिले. कन्यासाहेब लहान असता लोण्यात भाजिलेल्या पावाच्या कुरकुरीत कडा आधी खात आणि मधला भाग आईच्या ताटात ढकलीत. ती याद धरोन श्रीमंतांनी खोलगट लोखंडी तवा चढविला, अर्धी वडी लोणी त्यात सोडिली, आणि बटण फिरविले. बटण लोण्याने माखलेले, ते एका बोटाच्या धक्क्यासरशी थेट मोठ्या आचेवर गेले. ते श्रीमंतांनी पाहिलेही नाही, कारण तितुक्यात वाऱ्याने बाहेरचे दार हलले आणि कुईं करोन ओरडले. आली का पंचाईत! लेक उंबऱ्यात पाय ठेविते आणि दार गळा काढिते, हे कोणत्या बापास रुचेल? मग श्रीमंतांनी उरलेली अर्धी वडी उचलिली, स्टूल घेतले, दार सताड उघडिले, आणि तव्याकडे पाठ करोन बिजागऱ्यांच्या मोहिमेवर कूच केले.

वरची बिजागरी जाहली, मधली जाहली. इकडे तव्यातले लोणी आधी चुरचुरले, मग फेसाळले, मग तांबूस जाहले, आणि कोणी विचारपूस करीना म्हणोन काळे पडोन धुमसू लागले. छतावरील अलार्म इमानी सेवक, त्याने धूर ओळखिला असेल, परंतु तोंडात लोण्याचा कागद, तो काय करील? श्रीमंत खालच्या बिजागरीस बोटाने लोणी भरीत होते, इतुक्यात नाकात करपट वास शिरला. वळोन बघतात तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळा उजेड नाचतो आहे. स्टूल लवंडले, उरली वडी जिन्यात गेली, आणि खासा स्वारी धावत रणात दाखल जाहली.

तवा पेटला होता. जाळ हातभर उंच, आणि त्याचा आवाज ऐसा की कोणी मोठी चादर झटकीत आहे. श्रीमंतांचा पहिला हात पाण्याच्या जगाकडे गेला, आणि जग उचलिलाही, आणि मग कानात रविवारचे फर्मान घुमले. पायडलच्या खडखडाटात हं हं म्हणोन जे ऐकिले नाही ऐसे वाटत होते, ते सगळे ऐकिले गेले होते. जग खाली ठेविला. मग बटणास हात घातला. बटणास लोणी, बोटांस लोणी, लोण्यावर लोणी फिरते आणि बटण जागचे हलत नाही. ज्या लोण्याने किताब दिला, त्याच लोण्याने ऐन वक्तास दगा दिला. श्रीमंतांनी सदऱ्यास हात पुसिले, पुन्हा धरिले, पुन्हा निसटले. मग गळ्यातील टेप काढिली, बटणास तिचे वेढे दिले, घट्ट आवळिले, आणि जन्मभर ज्या टेपीने लोकांच्या कमरा मापिल्या तिनेच बटणास मुरड दिली. टक् करोन गॅस बंद जाहला, आणि टेप सुटोन खिशात गेली.

परंतु लोणी पेटलेलेच. मग श्रीमंत शिवणखोलीत धावले आणि इस्त्रीच्या टेबलाची खोळ दोन्ही हातांनी ओढू लागले. ओढली, खेचली, टेबलाच्या पायास पाय लावोन ताणिली. टेबल खोलीभर फिरले, परंतु टीप उसवेना. हयातीत कधी न उसवलेली टीप आजच कैशी उसवेल? त्या गर्दीतही शिंप्यास आपल्या कामाचा एक क्षण अभिमान वाटला, हे लिहिणे भाग आहे. मग त्यांनी खोळ सोडिली आणि रिकाम्या हाती परतले.

परततात तो समोरच्या वहिनी उघड्या दारातून आत. कपडे धुता धुता धूर पाहिला आणि फेसाच्या पाण्याची बादली उचलोन तशाच धावल्या होत्या. शेजार असावा तर ऐसा, यात संशय नाही, परंतु त्या बादलीने त्या दिवशी घरही गेले असते आणि वहिनीही भाजल्या असत्या. बादली तव्याच्या रोखाने उगारलेली, आणि श्रीमंत मध्ये दोन्ही हात पसरोन उभे राहिले.

“वहिनी, पाणी नको. पाण्याने भडकेल. मला ते मोठं ताट द्या, मांडणीवरचं.”

वहिनींनी बादली खाली आदळिली आणि ताट काढोन दिले. श्रीमंतांनी नवे फडके हाती गुंडाळिले, तोंड बाजूस फिरविले, ताट ढालीसारखे आडवे धरिले, आणि आपल्या बाजूने पुढे ढकलीत ढकलीत तव्यावर सरकविले. जाळ एका कडेने बाहेर आला, मग दुसऱ्या कडेने, मग ताटाखाली काही काळ गुरगुरला आणि गप्प जाहला. तवा श्रीमंतांनी जागचा हलविला नाही. वहिनींनी तो उचलोन बाल्कनीत न्यावा ऐसी मसलत दिली, तीही त्यांनी मानिली नाही. सगळे शांत जाहले तेव्हा त्यांस उमगले की फडक्याबाहेर राहिलेल्या करंगळीस चटका बसला आहे. वहिनी लगबगीने लोण्याचा डबा घेवोन आल्या आणि म्हणाल्या की काका, तुमचेच औषध. श्रीमंतांनी डब्याकडे पाहिले. उघडा डबा, पिवळे गार लोणी, आणि बोट तर ठणकत होते. बोट डब्यापर्यंत गेले. मग ते माघारी फिरले, आणि नळ सुटला, आणि करंगळी त्याखाली गेली. वहिनींस हे इतुके नवल वाटले की त्या डबा हातात धरोन तशाच उभ्या राहिल्या.

मग खलबत जाहले. करंगळी नळाखाली तशीच धरोन श्रीमंतांनी वहिनींस विनविले की ही गोष्ट या चार भिंतींत राहावी, लेकीच्या कानी गेली तर माझी चूल गेली. वहिनी मनाच्या मऊ, त्यांनी आपल्या धाकटीची शपथ घेतली. मग त्यांनी खिडक्या उघडिल्या आणि टॉवेल फिरवोन धुरास जिन्याच्या वाटेने हुसकाविले. भिंतीवरची काजळी बादलीतल्या फेसाच्याच पाण्याने पुसिली, तेव्हा ती बादली कारणी लागली. बऱ्याच वेळाने श्रीमंतांनी नळ सोडिला आणि स्टुलावर चढोन अलार्मच्या तोंडचा कागद काढिला. त्याने इतुका वेळ कोंडलेला ठणाणा एकदाच करोन घेतला आणि मग, हवा बरी वाटल्यावर, मुकाट बसला. स्वयंपाकघर पाहता तेथे काही घडले ऐसे कोणी म्हणते ना. ओटा स्वच्छ, फडके टांगलेले, अलार्म मोकळा, दार नि:शब्द. फक्त गॅसवर एक तवा, आणि तव्यावर एक ताट. वहिनी आपल्या दारी परतल्या आणि जिन्यात पावले वाजली.

कन्यासाहेबांची स्वारी आली. हाती फळांची पिशवी, मुद्रा तपासनिसाची. दार उघडिले तर आवाज नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी अलार्मचे बटण दाबोन पाहिले, तो बोलला. गॅसची नळी वाकवोन पाहिली, ती धड होती. फडके विस्तवापासोन लांब टांगिले होते. श्रीमंत मागोमाग फिरत होते आणि करंगळी मुठीत लपविली होती. कन्यासाहेबांच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. त्यांनी पिशवी ठेविली, आणि एवढ्या अवधीत पहिल्यांदा त्या आगप्रमुख न दिसता नुसत्या लेक दिसू लागल्या. म्हणाल्या की सगळे नीट आहे, मी उगाच जीव टांगणीला लाविला होता. मग नाक वर करोन त्यांनी वास घेतला, आणि काहीसे करपले वाटते तरी खमंग आहे म्हणोन हसल्या, आणि माझ्यासाठी पाव भाजला का ऐसे पुसत त्यांनी पदराच्या टोकाने ताटाची कड धरिली.

येथे या हकीकतीचे खरे रण आहे. तवा जाड लोखंडाचा, अजोन धगधगत असणार. ताट निघते, वारा मिळतो, आणि लोणी पुन्हा पेटते तर लेकीचे तोंड त्याच्यावर वाकलेले. कदाचित निवलेही असेल. कदाचित काहीच होणार नाही, लेक करपलेले लोणी पाहोन चार शब्द बोलेल आणि विषय मिटेल. गप्प राहिले तर चूल राहते. बोलले तर चूल जाते, मशीन जिन्याखाली जाते, आणि बाबा तुम्ही बसा म्हणणारा तो मऊ सोफा आपला जबडा उघडितो. परंतु हा हिशेब आम्ही लिहिणारे करितो. श्रीमंतांनी तो केला नाही. त्यांनी लेकीचे मनगट धरिले.

“बाळ, उचलू नकोस. आग लागली होती. आत अजून तापलेलं आहे.”

कन्यासाहेबांनी ताट सोडिले. मग आगप्रमुखांची तपासणी पुन्हा सुरू जाहली, आणि श्रीमंत ओट्यास टेकोन एकेका सवालाचा जबाब देत गेले. कोठे होता? दारापाशी, लोणी लावीत. तव्याकडे पाठ करोन? होय. अलार्म वाजला नाही? त्याचे तोंड बांधिले होते. ब्लँकेट कोठे आहे? त्याची खोळ शिविली. झाकण? गळे आखावयास नेले. गॅस चटकन बंद का जाहला नाही? बटणास लोणी. श्रीमंतांनी यातले एकही कलम दडविले नाही, आणि एकेका कलमासरशी आपले राज्य विटेविटेने उतरवोन ठेविले. शेवटी त्यांचा हात मुठीतून सुटला आणि कन्यासाहेबांची नजर लाल करंगळीवर गेली.

“बाबा, याला काय लावलंत?”

“काही नाही. नळाखाली धरलं होतं.”

“लोणी?”

“नाही लावलं. तू नको म्हणाली होतीस ना.”

ज्या घरी बिजागरीपासोन च्युइंगमपर्यंत सर्वांस लोणी लागले, त्या घरी स्वतःचे बोट भाजले असता ते लागले नाही, हे ऐकोन कन्यासाहेब खिडकीकडे तोंड करोन उभ्या राहिल्या. डोळे पुसिले ते धुराने, ऐसे कोणी म्हणेल, परंतु धूर कधीच निघोन गेला होता. रविवारमागून रविवार त्या बोलत आल्या होत्या आणि पलीकडून मशीनचा खडखडाट ऐकत आल्या होत्या, आणि आपण भिंतीशी बोलतो ऐसे त्यांस वाटत आले होते. मग त्या स्टुलावर बसल्या. श्रीमंत ओट्यापाशी हात बांधोन उभे, शिक्षा ऐकावयास तयार.

“गॅस राहू दे,” कन्यासाहेब म्हणाल्या. “मला आगीची एवढी भीती नाही, बाबा. तुम्ही माझ्यापासून लपवाल, याची होती.”

श्रीमंतांनी खिशातोन टेप काढिली, ती काळवंडली होती, आणि उगाच तिची गुंडाळी करीत बसले.

मग तह जाहला. लोण्याने बिजागऱ्या, खण, कात्री आणि रुतलेल्या अंगठ्या येथे सुखे राज्य करावे, परंतु गॅसच्या बटणास आणि भाजल्या अंगास शिवू नये. बटण साबणाने धुवावे, आणि जड वाटले तर मेकॅनिक बोलवावा. झाकण चुलीचे, ते चुलीपाशीच नांदेल, गळे आखावयास कागद कापावा. अलार्मचे तोंड बांधू नये, पाव भाजता खिडकी उघडावी, तरी बोंबलला तर बोंबलू द्यावा. तव्याखाली विस्तव असता दारावर साक्षात देव आले तरी जागा सोडू नये, सोडणे भागच पडले तर आधी गॅस बंद करावा. जुने ब्लँकेट मात्र कन्यासाहेबांनी स्वतः खोळीतून काढू पाहिले, आणि दोन्ही हातांनी ओढोन ओढोन दमल्या, आणि टेबलासकट खोलीच्या मध्यास आल्या, आणि तेथेच बसोन हसू लागल्या. श्रीमंतही हसले. वहिनी समोरच्या दारातून हे ऐकोन आल्या, आणि शपथ मोडली नाही ऐसे सांगू लागल्या, तेव्हा त्यांस कळले की शपथेची गरजच राहिली नव्हती. मग तिघांनी मिळोन पाव न भाजता, गार लोणी लावोन खाल्ला. कुरकुरीत कडा नव्हत्या. ताट संध्याकाळपर्यंत तव्यावर तैसेच होते, कोणी हात लाविला नाही.

पुढे नवे ब्लँकेट आले. श्रीमंतांनी स्वयंपाकघराच्या दारापाशी, चुलीपासोन थोडे लांब, खिळा मारिला आणि ते टांगिले. नंतर गॅसवर चहाचे आधण ठेवावयाचे ते राहोनच गेले आणि ते बराच वेळ त्या कापडाकडे बघत राहिले. वीण मागच्यापेक्षाही दाट. एक बंडी निघती, उरल्या तुकड्यात एक टोपीही बसती. गळ्यातील टेप निघाली. लांबी घेतली, रुंदी घेतली, कोपऱ्यास बोटाने खूणही केली. कात्री मशीनवरच होती, लोण्याने गुळगुळीत चालणारी. श्रीमंत तिच्यापर्यंत गेले, तिला हात लाविला, आणि मग तिची जागा बदलोन ती खणात टाकिली आणि खण लाविला.

मग टेप गळ्यात घातली, आधण ठेविले, आणि चहा उकळेतो तेथेच उभे राहिले. दारावर घंटी वाजली, तेव्हा आधी गॅस बंद केला आणि मग दार उघडिले. कापड अखंड, चूल कायम, करंगळीवर एक पांढरा डाग शिल्लक. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती येथे लिहोन ठेविली असे.